टाकीत क्लोरीन टाकायचं तर किती, कुठे आणि कोणतं? (मनीषनगर, 48 फ्लॅट)

सचिव, मनीषनगर

नमस्कार मंडळी. आमची नागपूरच्या मनीषनगरात 48 फ्लॅटची सोसायटी आहे, चार विंग. खाली 60 हजार लिटरची अंडरग्राउंड टाकी, गच्चीवर प्रत्येक विंगला 15 हजारांची सिमेंटची टाकी. मनपाचं पाणी रोज येतं. एप्रिल-मेमध्ये पुरत नाही, तेव्हा बोअरचं पाणी त्याच खालच्या टाकीत सोडतो. चारही गच्च्यांवर सोलर हीटर आहेत.

मागच्या महिन्यात टाकी सफाईवाल्याला बोलावलं. त्याने टाक्या धुतल्या आणि जाताना पांढऱ्या गोणीतली पावडर गच्चीवरच्या चारही टाक्यांत ओतली. किती, ते न त्याने मोजलं, न आम्हाला सांगितलं. दोन दिवस वरच्या मजल्यांवर वासाने लोक हैराण. आंघोळ करताना डोळे चुरचुरतात म्हणून तक्रारी आल्या. आणि डी विंगच्या तळमजल्यावर मात्र आजही नळ उघडला की पहिलं पाणी मातकट वासाचं येतं.

त्यातच त्या तळमजल्यावरचे एक आजोबा न्यूमोनियाने दवाखान्यात होते. डॉक्टरांनी लिजिओनेलाची, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या आणि न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूची, लघवीची तपासणी करायला लावली. ती निगेटिव्ह आली, आजोबा घरी परतले, पण तेवढ्याने ग्रुपवर मेसेजचा पूर आला. आता एक कंपनी क्लोरीन डायऑक्साइडचं मशीन घ्या म्हणून मागे लागली आहे, दीड लाख सांगतात. समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो मशीन घ्या, दुसरा म्हणतो घरोघरी आरओ आहे, कशाला काही टाकायचं?

मला एवढंच हवं आहे की कोणी तरी हिशोबानिशी सांगावं. कोणतं औषध, किती, कुठे टाकायचं आणि ते लागू पडलं हे कळणार कसं?

---

वर्धा रोडवाला

एवढं काय त्यात, सचिव साहेब. आमच्या गावी विहिरीत लाल औषध टाकायचे, पाणी जरा गुलाबी झालं की झालं. वरून तुरटी फिरवा. स्वस्तात काम होते.

---

निवृत्त वॉटर केमिस्ट, धरमपेठ

सचिव भाऊ, पाण्याच्या प्रयोगशाळेत आणि नंतर एका मोठ्या रुग्णालयाच्या पाणी विभागात माझी नोकरी झाली. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी लाल औषधाचं, म्हणजे पोटॅशियम परमँगनेटचं. त्याने लोह-मँगनीज निघतं, वास कमी होतो, पण जंतू मारायला ते दुबळं आहे आणि मागे काही शिल्लक ठेवत नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. विहिरीच्या काळात हाताशी तेच होतं म्हणून ते वापरलं जायचं. चार मजली पाइपलाइनसाठी ते उपयोगाचं नाही.

तुमच्या वर्णनात एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. वरच्या मजल्यावर डोळे चुरचुरत होते आणि त्याच सोसायटीत डी विंगच्या तळमजल्यावर मातकट वास तसाच होता. म्हणजे टाकीत भरपूर औषध पडलं आणि जिथे गरज होती तिथे ते पोहोचलंच नाही. टाकीत किती टाकलं याला माझ्या लेखी फार अर्थ नाही. सगळ्यात लांबच्या नळाला किती उरलं, हे मोजायचं. तुमच्या चारही प्रश्नांची उत्तरं त्या एका आकड्यातून निघतात.

याला रेसिड्युअल, म्हणजे शिल्लक, क्लोरीन म्हणतात, ग्रामपंचायतीत पिवळा रंग येणारी ओटी टेस्ट करतात ना, तेच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, मोकळा (अजून कशाशी न बांधला गेलेला) क्लोरीन किमान 0.2 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम, हवा असं आहे. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर किमान 0.5. जागतिक आरोग्य संघटनाही 0.5 च धरते, पण दोन अटींवर: पाणी क्लोरीनबरोबर निदान अर्धा तास राहिलं पाहिजे आणि पीएच 8 च्या खाली पाहिजे.

पीएचची अट नुसती कागदावरची समजू नका. क्लोरीन पाण्यात गेला की त्याची दोन रूपं होतात, एक जंतूंवर जोरात काम करणारं आणि एक मंद. पीएच 7 ला साधारण पाऊण हिस्सा जोरकस रूपात असतो, 8 ला पाव हिस्साच उरतो, साडेआठला जेमतेम दहावा. बोअरचं पाणी मिसळल्यावर तुमचा पीएच किती होतो ते एकदा पाहून घ्या. मोजपट्टीवर तोच 0.3 दिसेल, पण मार्चमधला 0.3 आणि बोअर सुरू झाल्यावरचा 0.3 सारखे नसतील.

आता पावडरचा हिशोब. ताज्या टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडरमध्ये साधारण 25 ते 33 टक्के क्लोरीन असतो. तो टिकत नाही. गोणी उघडी राहिली, दमट झाली, उन्हात पडली की ताकद उतरते. आपल्याकडच्या मे महिन्यात पंपाच्या खोलीत ठेवलेल्या गोणीवर काय छापलंय त्यावर मुळीच विसंबू नका. लिक्विड हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, 10 टक्क्यांचं मिळतं, तेही उन्हाळ्यात झपाट्याने उतरतं. थोडं आणा, सावलीत ठेवा, लवकर संपवा.

25 टक्क्यांची पावडर धरली तर 1000 लिटरला 4 ग्रॅम टाकल्यावर 1 पीपीएम होतो. तुमच्या 60 हजारांच्या टाकीला 0.5 पीपीएम द्यायचा तर 120 ग्रॅम लागतील. बस, एवढंच. म्हणूनच गोणी ओतली म्हणजे काय झालं असेल ते मला न पाहता दिसतंय. आणि मनपाचं पाणी स्वतःचा क्लोरीन घेऊनच येतं, त्यामुळे आधी येणारं पाणी मोजा, कमी पडेल तेवढीच भर घाला.

पावडर कोरडी टाकू नका. प्लास्टिकच्या बादलीत पाण्यात कालवायची, अर्धा तास ठेवायची, चुन्याचा साका खाली बसू द्यायचा आणि वरची निवळीच घ्यायची. नाही तर तो चुना तुमच्या व्हॉल्व्हात आणि गीझरात जाऊन बसतो.

औषध टाकायची जागा म्हणजे खालची टाकी, जिथे पाणी येऊन पडतं तिथे. तिथे ते घुसळतं, अर्धा तास सहज मिळतो आणि चारही विंगला एकसारखं जातं. गच्चीवरच्या टाकीत टाकलं की पहिल्या तासाला वरच्या मजल्याला जास्त आणि नंतर कोणालाच काही नाही. तुमच्याकडे नेमकं हेच घडलं.

सफाईनंतरचं जोरकस क्लोरिनेशन, ज्याला शॉक म्हणतात, ते वेगळं. त्यात 50 पीपीएम एक तास ठेवतात. 15 हजारांच्या टाकीला त्यासाठी 3 किलो पावडर किंवा साडेसात लिटर हायपो लागेल. आणि तेवढं पाणी नंतर फेकायचं, तेही ऐन उन्हाळ्यात. त्यापेक्षा धुतलेल्या टाकीच्या भिंती, तळ आणि छत 200 पीपीएमच्या द्रावणाने ब्रशने पुसून घ्या, अर्धा तास ओलं राहू द्या, मग धुऊन काढा. 10 लिटरच्या बादलीत 20 मिली हायपो टाकलं की 200 पीपीएम होतं. चार बादल्यांत एक टाकी होते.

पण गाळ असताना यातलं काहीच करू नका. तळाशी बोटभर गाळ असेल तर क्लोरीन त्या गाळातच खर्च होतो. आधी खरवडणं, मग धुणं, मग औषध.

लिजिओनेलाबद्दल. 1976 साली फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं संमेलन होतं, त्यानंतर लोक न्यूमोनियाने पटापट दगावले. कारणीभूत जंतू जानेवारी 1977 मध्ये सापडला. तो पाणी पिऊन सहसा लागत नाही. पाण्याचे बारीक तुषार श्वासातून आत गेले की लागतो. शॉवर, कारंजं, मोठ्या इमारतींच्या एसीचे कूलिंग टॉवर या त्याच्या जागा. त्याला 25 ते 45 अंशांचं पाणी आवडतं. आता नागपूरच्या मे महिन्यात दुपारी तीन वाजता गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला कसं लागतं, ते तुम्ही रोजच अनुभवता. त्याच उन्हाने क्लोरीनही लवकर उडतो. म्हणजे जंतूला मानवणारी ऊब आणि त्याला आवरणारं औषध कमी, दोन्ही एकाच वेळी.

हा जंतू पाइपच्या आतल्या बुळबुळीत थरात राहतो, शिवाय अमिबाच्या पोटात शिरून बसतो. अमिबाच्या कोषात असताना तो 50 पीपीएममध्येही तग धरू शकतो. त्यामुळे वर्षातून एकदा शॉक दिला आणि विसरलो, असं करून तो जात नाही. थोडासा क्लोरीन, पण रोज, प्रत्येक नळापर्यंत, आणि पाणी कुठे तुंबून न राहणं, एवढ्यानेच तो ताब्यात राहतो. अमेरिकेत फ्लिंट शहरात 2014 मध्ये पाण्याचा स्रोत बदलल्यावर नळातला क्लोरीन टिकेनासा झाला आणि 2014-15 मध्ये याच आजाराने किमान 12 माणसं गेली. पाणी शुद्धीकरण केंद्र चालू असलेल्या शहरात हे झालं.

मशीनबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आत्ता घेऊ नका. क्लोरीन डायऑक्साइड औषध म्हणून चांगलं आहे, बुळबुळीत थरात क्लोरीनपेक्षा खोल जातं, पीएचचा त्याच्यावर फारसा परिणाम नाही. पण ते जागेवरच तयार करावं लागतं, साधारणपणे सोडियम क्लोराइट आणि आम्लापासून. ती रसायनं हाताळायला शिकलेला माणूस लागतो आणि मागे उरणारा क्लोराइट मोजत राहावा लागतो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात डायऑक्साइडला 0.8 आणि क्लोराइटला 1 पीपीएमची मर्यादा आहे. रुग्णालयात हे सगळं होतं, तिथे पगारी माणूस असतो. तुमच्याकडे हे कोण करणार, वॉचमन? त्या कंपनीला क्लोराइट कोण आणि कधी मोजणार हे लेखी विचारा.

गरम पाण्यासाठी काही रुग्णालयांत तांबं-चांदीचे आयन सोडतात, काही देशांत क्लोरीनऐवजी मोनोक्लोरामाइन वापरतात, जे सावकाश काम करतं पण लांबवर टिकतं. माहिती म्हणून सांगितलं. तुमच्या 48 फ्लॅटना साधं हायपो आणि एक छोटा डोसिंग पंप पुरे. रोजचं 45 हजार लिटर पाणी धरलं आणि अर्धा पीपीएम भर घालायची म्हटलं तर दिवसाला 225 मिली हायपो लागतं, एक पेलाभर. पंप नसला तरी सकाळी पाणी भरताना मोजून टाकता येईल.

आणि आरओवाल्यांना सांगा, आरओच्या पाण्याने कोणी आंघोळ करत नाही, दात घासत नाही, भाजी धूत नाही. शिवाय आरओ आधी क्लोरीनच काढून टाकतो. त्याच्या छोट्या टाकीत पाणी दोन दिवस पडून राहिलं तर तिथे राखणदार कोणीच नाही.

---

टाकी सफाई, इतवारी

ताई बरोबर सांगून राहिल्या. मी हेच काम करतो म्हणून दोन गोष्टी जोडतो.

एक, औषध लावल्यावर टाकीत माणूस उतरवू नका. झाकण उघडं, पंखा लावून हवा खेळती, वरती एक माणूस दोरी धरून, मगच उतरायचं. खालच्या टाकीत तर औषध नसलं तरी हवा कोंडलेली असते. पोरं पैशासाठी उतरतात, सोसायटीवाले खुर्चीवर बसून पाहतात. असं करू नका, भाऊ. कामाला आलेल्या पोराला दोरी आणि पंखा आहे का हे आधी विचारा, नसेल तर काम थांबवा.

दुसरं, काही लोक टाकीचा चुना काढायला आधी ॲसिड मारतात, त्यावरच हायपो ओततात. त्याचा जो धूर निघतो तो क्लोरीन गॅस, माणूस जागेवर पडतो. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच एकत्र करणंही तेच. आधीचं पूर्ण धुऊन काढल्याशिवाय दुसरं हातात घ्यायचं नाही.

आणि सचिव साहेब, डी विंगच्या तळमजल्याची लाइन जिथून फुटते तिथे जाऊन पाहा. पहिले बांधलेली आणि मग बंद केलेली एखादी लाइन नक्की असेल. मला अशी लाइन खूपदा सापडते.

---

बी विंग, तिसरा मजला

मी याच सोसायटीतली आहे. माझे बाबा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. क्लोरीन त्यांच्यासाठी वाईट असतो असं कुठेतरी वाचलं. टाकीत रोज क्लोरीन टाकला तर त्यांना घरी त्रास होईल का? सोलरच्या पाण्याचंही विचारायचं होतं. पावसाळ्यात ते नुसतं कोमट येतं.

---

निवृत्त वॉटर केमिस्ट, धरमपेठ

ताई, बाबांना घरी प्यायला, आंघोळीला या प्रमाणातला क्लोरीन चालतो. पोटात गेलेला एवढा क्लोरीन रक्तापर्यंत तसाच पोहोचत नाही. काळजी डायलिसिसच्या मशीनला जाणाऱ्या पाण्याची असते. चार तासांच्या एका बैठकीत साधारण 120 लिटर द्रव पातळ पडद्यापलीकडून रक्ताला लागून वाहतो, म्हणून तिथे एकूण क्लोरीन (मोकळा आणि अमोनियाशी बांधला गेलेला मिळून) 0.1 पीपीएमच्या आत ठेवतात आणि त्यासाठी कार्बनचे फिल्टर लावतात. बाबा जिथे जातात तिथल्या टेक्निशियनला विचारा की कार्बन फिल्टरनंतरचा क्लोरीन रोज मोजता का. हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. चांगल्या सेंटरमध्ये रजिस्टर काढून दाखवतात. त्यांना किती पाणी प्यायचं याचं बंधन असेलच, ते मात्र डॉक्टर सांगतील तसंच.

सोलरचं तुम्ही विचारलंत ते फार बरं झालं. माझ्या मते तुमच्या इमारतीत सगळ्यात जास्त लक्ष द्यायची जागा तीच आहे. कडक उन्हात सोलरच्या टाकीतलं पाणी 60 अंशांच्या वर जातं, तिथे लिजिओनेला टिकत नाही. जुलै-ऑगस्टच्या झडीत तेच पाणी 35-40 वर दिवसच्या दिवस पडून राहतं. गरम टाकीत क्लोरीनही उरत नाही. म्हणजे त्याला हवं तसं पाणी आपणच साठवून ठेवतो आणि ते शॉवरमधून तुषार करून अंगावर घेतो. सोलरला जो विजेचा कॉइल असतो, तो झडीच्या दिवसांत रोज जमलं तर उत्तम, नाही तर आठवड्यातून निदान एकदा लावून टाकी 60 अंशांपर्यंत न्या आणि तासभर तिथे राहू द्या. मग प्रत्येक घरातला गरम नळ काही मिनिटं सोडा. त्या वेळी लहान मुलं आणि म्हातारी माणसं बाथरूममध्ये नकोत, 60 अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. रोजच्या वापराला थंड पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह नळाच्या शक्य तितका जवळ बसवा. लांब बसवला तर व्हॉल्व्ह ते नळ या पट्ट्यात पुन्हा कोमट पाणीच साचतं.

शॉवरची जाळीही काढून पाहा. आपल्या जड पाण्याचा पांढरा खडा तिच्यावर चढतो आणि त्या खड्याच्या आडोशाने जंतू राहतात. लिंबूसत्वाच्या पाण्यात रात्रभर भिजत घाला, ब्रशने घासा, नीट धुऊन लावा.

---

डॉक्टर, रामदासपेठ

ताईंनी पाण्याचं सांगितलं, मी माणसांचं सांगतो. घाबरवायचं नाही, पण लक्ष कुणाकडे ठेवायचं हे माहीत असावं. पन्नाशीच्या पुढचे, सिगारेट-बिडी ओढणारे, जुना दमा किंवा फुफ्फुसाचा आजार असलेले, मधुमेही, किडनीचे रुग्ण, कॅन्सरची किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे. यांना ताप, खोकला आणि धाप एकत्र आली तर पाण्याचा किंवा शॉवरचा संशय डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण नेहमी वापरली जाणारी काही अँटिबायोटिक्स लिजिओनेलावर चालत नाहीत, वेगळी द्यावी लागतात. ती कोणती हे डॉक्टरांवर सोडा, मेडिकलमधून स्वतः घेऊ नका. आणि सचिव साहेब, लघवीची तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे तो आजार नव्हताच, असं ठामपणे म्हणता येत नाही. ती तपासणी मुख्यतः एकाच प्रकारच्या लिजिओनेलाला पकडते.

पण एक गोष्ट विसरू नका. आपल्या शहरात टाकीच्या पाण्यातून जे जास्त होतं ते गॅस्ट्रो, टायफॉइड आणि कावीळ. 0.5 चा क्लोरीन त्यांच्यासाठी पहिल्यांदा हवा. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे काही परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, म्हणून ज्यांच्या घरी केमोचा रुग्ण आहे त्यांनी प्यायचं पाणी उकळूनच द्यावं.

---

सचिव, मनीषनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. ही चर्चा प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली, मशीनचा विषय सध्या बाजूला ठेवला.

क्लोरीन मोजायचं किट आणलं, गुलाबी रंग येणारं. काल सकाळी पाणी आल्यावर घेतलेले आकडे: मनपाचं येणारं पाणी 0.4. खालची टाकी 0.3. ए विंगच्या गच्चीवर 0.2. ए, बी आणि सी विंगच्या शेवटच्या नळांना 0.1 ते 0.2. डी विंगच्या चौथ्या मजल्यावर 0.2. डी विंगच्या तळमजल्यावर शून्य. पाच मिनिटं नळ सोडून पुन्हा घेतलं, तरी शून्य. अजून औषध वाढवून पाहू का?

---

निवृत्त वॉटर केमिस्ट, धरमपेठ

नाही, भाऊ. तळमजल्यासाठी औषध अजिबात वाढवू नका. गुलाबी रंगाचं किट आणलंत ते चांगलं केलंत. पिवळ्या रंगाची ओटी मोकळा आणि बांधलेला क्लोरीन नीट वेगळा दाखवत नाही, तुमचं किट दाखवतं.

ए, बी, सी विंगचे आकडे सरळ आहेत, पाणी पुढे जातं तसा क्लोरीन थोडा थोडा कमी होतोय. तिथे खालच्या टाकीत थोडी भर घाला, 0.5 ते 0.6 करा, शेवटच्या नळाला 0.2 च्या वर येईल. वासाची तक्रार आली तर लोकांना सांगा की काहींना 0.3 ला सुद्धा वास येतो, त्याने अपाय नाही.

डी विंगची गोष्ट वेगळी आहे. त्याच टाकीतून चौथ्या मजल्याला 0.2 जातं आणि तळमजल्याला शून्य. मधल्या वाटेत काहीतरी क्लोरीन खाऊन टाकतंय. दोन शक्यता आहेत. इतवारीच्या भाऊंनी म्हटलं तशी एखादी बंद केलेली लाइन, जिच्यात सडलेलं पाणी साचलंय आणि नळ उघडला की ते मिसळतं. दुसरी शक्यता मला जास्त घोर लावते. तळमजल्याच्या पाइपला कुठे चीर असेल आणि शेजारून चेंबरची लाइन जात असेल तर गटाराचं पाणी आत ओढलं जातं. सांडपाण्यात अमोनिया असतो, तो मोकळ्या क्लोरीनला लगेच बांधून टाकतो आणि किटवर शून्य येतं. अशा वेळी औषध वाढवलं तर आकडा दिसायला लागेल आणि चीर तशीच राहील. हा शून्य तुम्हाला काहीतरी सांगतोय, तो औषधाने पुसू नका.

आज हे करा. तुमच्या किटमध्ये एकूण क्लोरीनची दुसरी गोळी असेल. मोकळा शून्य आणि एकूण 0.1-0.2 आला तर अमोनियाचा संशय पक्का करा. दोन्ही शून्य आले तरी गटार नाही असं समजू नका, घाण जास्त असेल तर ती बांधलेला क्लोरीनही संपवते. मग एक नमुना जंतूंसाठी पाठवा. बाटली प्रयोगशाळेतूनच घ्या, त्यात थायोसल्फेट घातलेलं असतं, त्याने वाटेत क्लोरीन थांबतो. नळाची जाळी काढा, तोंड पेटत्या बोळ्याने शेका, प्लास्टिकचं असेल तर हायपोने पुसा, एक मिनिट पाणी सोडून मग बाटली भरा. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. लिजिओनेलाची तपासणी वेगळी असते आणि तिचं उत्तर यायला दहा दिवससुद्धा लागतात, तिची वाट पाहत बसू नका.

अहवाल येईपर्यंत डी विंगच्या तळमजल्यावरच्या घरांनी प्यायचं, स्वयंपाकाचं आणि दात घासायचं पाणी उकळून घ्यावं किंवा दुसऱ्या विंगमधून आणावं. ते आजोबा शॉवरऐवजी बादलीने आंघोळ करू देत, बादलीत पाणी भरताना नळ हळू सोडा म्हणजे तुषार उडणार नाहीत. हे आज संध्याकाळीच त्यांच्या घरी जाऊन सांगा, ग्रुपवर टाकू नका.

---

सचिव, मनीषनगर

मॅडम, आत्ताच सांगून आलो. प्लंबर आणि इतवारीचे भाऊ, दोघं मिळून डी विंगची लाइन पाहून आले. बिल्डरने पाचव्या विंगसाठी काढून ठेवलेला दीड इंची पाइप जिन्याखाली सापडला, साधारण 20 फूट, शेवटी प्लग मारलेला. तो डी विंगच्या तळमजल्याच्या लाइनलाच जोडलेला आहे. आणि जिथे जोड आहे तिथली फरशी ओली आहे, चेंबर हातभर अंतरावर. प्लग काढला तर काळं पाणी आलं.

किटवर तळमजल्याला मोकळा शून्य, एकूण 0.1.

---

निवृत्त वॉटर केमिस्ट, धरमपेठ

मग दोन्ही शक्यता एकाच जागी निघाल्या. तो 20 फुटांचा पाइप मुळापासून कापा, अगदी मुख्य लाइनच्या अंगाला लागून. अर्धा फूट ठेवून प्लग मारला तर तोच प्रकार पुन्हा होईल. ओल्या फरशीखालचा जोड उघडा करा, बदला, नवी लाइन चेंबरपासून शक्य तितकी लांब आणि चेंबरच्या पातळीच्या वरून घ्या. चेंबरची गळतीही त्याच दिवशी बंद करा.

जोडणी झाल्यावर फक्त तेवढ्या पट्ट्यात 50 पीपीएमचं पाणी भरून एक तास बंद ठेवा. त्या वेळात तळमजल्याचे सगळे नळ बंद, प्रत्येक नळावर कागद चिकटवा आणि घरात कोणी तरी जागं असू द्या. तासाभराने सोडा, वास जाईपर्यंत आणि किटवर इतर विंगसारखा आकडा येईपर्यंत वाहू द्या. ते पाणी झाडांना नको, थेट गटारात. लगोलग जंतूंचा नमुना घ्या, काही दिवसांनी दुसरा. दोन्ही स्वच्छ आले की उकळणं थांबवा.

रजिस्टरला पाच जागा ठेवा: खालची टाकी आणि चारही विंगचा शेवटचा नळ. बोअर चालू असेल त्या दिवसांत रोज, एरवी आठवड्यातून दोनदा. आणि उन्हाळ्यात मुलांकडे पुण्या-बंगलोरला गेलेल्यांचे फ्लॅट बंद असतात, त्यांच्या चाव्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना आठवड्यातून एकदा सगळे नळ, फ्लशसुद्धा, दोन-तीन मिनिटं सोडायला सांगा. शॉवर सोडताना त्याचं तोंड बादलीत बुडवून सोडायचं.